फौजदाराचं पाणी

दाजी,

तुम्ही गेलात आणि मासा राहिला. सिडकोतल्या तुमच्या घरी सगळ्यांचं म्हणणं असं, की हे उलटं व्हायला हवं होतं. उलटं झालं नाही ते माझ्यामुळे. माई हे उघड बोलतात. तुमची आई आहे ती, तिला कोण अडवणार? भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या माझ्याकडं हात करून सांगायच्या, "हा बघा. यानं मासा राखला आन् माझं पोरगं घालवलं." आलेला माणूस आधी माझ्याकडं बघायचा, मग टाकीकडं, मग चहाच्या कपात.

खरं काय झालं ते तुम्हाला माहीत होतं. तुमच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर मी आज त्या दारात ताठ उभा राहिलो असतो. ते तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मला हे लिहावं लागतंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं हे मला शाळेत शिकवलं गेलं आणि आता मीही मुलांना तेच शिकवतो. पण तुम्हाला ते पटलं नसतं. तुमच्या चुलत्यांच्या दहाव्याला कोणीतरी "देवमाणूस होता" म्हणालं, तर तुम्ही भर घाटावर विचारलंत, "कोणता देव ते सांगा, म्हणजे त्याच्या देवळात जायला नको."

आमची आई लवकर गेली. मला ताईनं वाढवलं. स्वतः शाळेत जायच्या वयात ती माझ्या डब्याच्या भाकरी थापायची. लग्न होऊन ती नाशकाला आली तेव्हा निफाडजवळच्या आमच्या घरात भिंती आणि वडील तेवढे उरले. बारावी झाली आणि मी कॉलेजसाठी तुमच्या दारात आलो. आमच्या घरातलं कोणी त्याआधी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तुम्ही दार उघडलंत, मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि आत हाक दिलीत, "अगं, तुझं माहेर आलंय. एका पिशवीत मावलं बघ सगळं."

ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. माझं घर म्हणजे ताई, ती राहील तिथं. या सगळ्यात माझं काय जातंय असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, ते दार.

प्रवेशाच्या दिवशी तुम्ही पाळी बदलून माझ्याबरोबर आलात. अंगावर अंबडच्या कंपनीचा निळा गणवेश, नखांत ग्रीस. खिडकीतला क्लार्क म्हणाला, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, उद्या या. मी लगेच मागं फिरलो होतो. आम्हाला तसंच शिकवलेलं, खिडकीतून 'उद्या' आलं की उद्या. तुम्ही माझी कॉलर धरलीत आणि त्या माणसाला अगदी शांतपणे म्हणालात, "साहेब, मी इथंच थांबतो. तुम्ही जेवायला गेलात तर मागं येतो. घरी गेलात तर घरी येतो. माझी आज सुट्टी आहे." दुपारपर्यंत प्रवेश झाला. बाहेर आल्यावर मी तुमच्या पाया पडायला वाकलो, तर तुम्ही पाय मागं घेतलात. "लय खूश होऊ नको. बीएस्सी होशील आणि माझ्यासारख्याच कोणाच्या तरी हाताखाली चहा आणशील." त्या दिवसापासून तुम्ही मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाहीत. मी बीएस्सी होण्याच्या आधीपासून तुमच्यासाठी बीएस्सी होतो. रिकामं बिरुद होतं ते. तरी मी त्याच्याच मागं धावलो, हेही खरं.

घर माईंच्या नावावर होतं, पण हॉल तुमचा होता. खुर्ची तुमची, पंख्याचं बटण तुमचं, टीव्हीचा रिमोट तुमचा. भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी होती आणि तीत एकटाच मासा, फौजदार. मला झोपायला जागा मिळाली ती त्या टाकीखाली. पंपाची घरघर कानात घेऊन मी तीन वर्षं झोपलो. अजून शांत खोलीत मला झोप लागत नाही.

फौजदार हे नाव तुम्ही ठेवलेलं. दुकानदारानं फ्लॉवरहॉर्न म्हणून दिलेला, घराला लाभतो म्हणून. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, लाल डोळे, अंगावर काळे डाग. त्याच्या टाकीत दुसरं काहीही चालत नसे. तळातले गोटे तो तोंडात धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात टाकायचा. ताईनं हौसेनं लावलेलं प्लास्टिकचं झाड त्यानं उपटून काढलं होतं. हिवाळ्यात पाणी गरम ठेवायला लावलेल्या हीटरवरसुद्धा तो धडका मारायचा, ज्याच्यामुळे जगत होता त्याच्यावर. बोट घातलं की रक्त काढायचा. फक्त तुम्ही आलात की काचेला येऊन उभा राहायचा आणि तुमचं बोट जाईल तिकडं जायचा.

कामावरून आलात की तुम्ही काचेला आरसा लावायचात. आरशातल्या माशावर तो तुटून पडायचा. गाल फुगवायचा, कल्ले पसरायचा, काचेवर तोंड आपटायचा. "व्यायाम होतो त्याचा," तुम्ही म्हणायचात. दिवसभर कंपनीत सुपरवायझरची बोलणी खाऊन आलेलं तुमचं तोंड तेव्हा पहिल्यांदा सैल व्हायचं. आरसा काढला तरी तो बराच वेळ त्या जागी पहारा देत राहायचा. समोर कोणी नसताना.

दुसऱ्या वर्षी मी शिकवण्या घेऊ लागलो आणि पहिल्या कमाईतून एक निळा फायटर मासा आणला. हाही एकटाच राहणारा, पण बोटाएवढा. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन त्यात ठेवला, स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्या घरात माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. एका रविवारी तुमचे कंपनीतले मित्र आले. तुमच्याकडं रविवारचा खेळ ठरलेला असायचा. दुकानातून पिशवीत लहान मासे आणायचे आणि पाहुण्यांसमोर टाकीत सोडायचे. मी यावरून तुमच्याशी भांडायचो आणि तुम्ही म्हणायचात, "तू खातोस ती कोंबडी काय गाणं म्हणत ताटात येते का?" त्या दिवशी तुम्ही पिशवी आणायला विसरला होतात.

"बीएस्सी, तुझा पैलवान दाखव यांना."

मी हौसेनं बरणी आणली. मला वाटलं, खरंच दाखवायचाय. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत आणि टाकीत उपडी केलीत.

"बघू, कोण कोणाचा बाप."

माझ्या माशानं पर उघडले. पूर्ण उघडले, इतके मोठे मी कधी पाहिले नव्हते. जन्मभर एकटा राहिलेला, त्याला वाटलं असेल सगळं पाणी आपलंच असतं. फौजदार कोपऱ्यातून आला आणि झालं. तुमचा एक मित्र म्हणाला, "एवढ्यातच?" ताई पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. तिनं टाकीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पाहुण्यांना विचारलं, "लिंबू देऊ का अजून?"

"डोळे पूस," तुम्ही मला म्हणालात. "बरणी तुझी. हॉल माझा."

मी तुमच्याशी बोलणं सोडलं. तुमच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा तुम्ही तसं दाखवलंत. पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही पायानं मला हलवून उठवलंत. "ऊठ. पाइप धर." टाकीला हात लावायची परवानगी त्या घरात कोणालाच नव्हती, ताईलाही नाही. तुम्ही मला पाइप तोंडानं ओढायला लावलात. घाण पाणी तोंडात आलं तसे खदखदून हसलात आणि मग शिकवू लागलात. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडतं. घाई असेल तर बाटलीतले थेंब टाकायचे. सगळं पाणी कधी काढायचं नाही, तिसरा हिस्सा काढायचा. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीच्याच पाण्यात पिळायचा. हात घालायच्या आधी काचेवर दोन टिचक्या.

"जीव लावायचा तर पाणी बदलावं लागतं," तुम्ही म्हणालात. "तू नुसता बरणीकडं बघत बसायचास. तुझा मासा तसाही मेला असता. हळूहळू मेला असता, एवढंच."

मी नंतर पुस्तकात बघितलं. तुमचं बरोबर होतं. तेवढ्याशा बरणीत तो फार जगला नसता. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही, की ज्या दिवशी तुम्ही माझं सगळ्यात वाईट केलंत, त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यात चांगलं शिकवलंत, आणि दोन्ही एकाच आवाजात.

निकाल लागला तेव्हा तुम्ही विचारलंत, "आता फौजदारापेक्षा तुला जास्त पगार मिळणार का?" आणि संध्याकाळी पेढे आणलेत. शेजाऱ्यांना सांगितलंत की माईंचा नवस फिटला. माईंना विचारलं तर म्हणाल्या, "कोणता नवस रे?" तुम्ही तोंडात पेढा कोंबून बाहेर निघून गेलात.

माशावरून आता जे झालं त्याची सुरुवात मात्र फौजदाराच्या आधीची आहे. मी यायच्या आधी तुमच्याकडं दुसरा मासा होता. अंबडच्या रस्त्यावर ट्रकनं तुमची गाडी उडवली. गाडीचा चुरा झाला आणि तुम्ही कपडे झटकून उठलात. घरी आलात तर मासा पोट वर करून तरंगत होता. माईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि बिल्डिंगच्या मागं पुरलं. "तुझ्यावरचं त्यानं घेतलं," म्हणाल्या. आपल्याकडं पुष्कळ घरांत असं मानतात. टाकी ठेवतात ती शोभेला, पण मासा मेला की घरातली बाई मनातल्या मनात हात जोडते. तुम्ही हसण्यावारी न्यायचात. फौजदार आणलात तेव्हा म्हणाला होतात, "माझा बॉडीगार्ड आहे हा. बिनपगारी."

मग तुमचे डोळे पिवळे झाले. कधी दारूला शिवला नाहीत आणि डॉक्टरांनी लिव्हर म्हणून सांगितलं. नात्यातल्या निम्म्या माणसांनी त्यावरून तुमची पिण्याची खोटी गोष्ट रचली. दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं, हॉलमध्ये टाकीसमोर पलंग टाकला. मी तोवर देवळाली कॅम्पातल्या शाळेत लागलो होतो, तिथंच खोली घेतली होती. शाळा सुटली की बस पकडून रोज येत होतो.

तुम्हाला आणलं त्याच दिवशी माईंनी टाकीकडं बोट केलं. "आता हा घेईल."

त्यांचा नियम असा होता. माशाला मारायचं नाही, पाप लागतं. उपाशी ठेवायचं नाही, तेही पाप. पण राखायचंही नाही. "खायला घाला. पाणी नका बदलू. त्याची वेळ त्याला येऊ द्या. तुम्ही त्याला धुऊनपुसून ठेवलं तर तो कशाला जाईल? मग ते ह्याच्या अंगावर राहील."

"माई," मी म्हणालो, "हे म्हणजे घाणीत कोंडून मारणंच झालं. खाणं घालायचं आणि पाणी बदलायचं नाही, म्हणजे त्याचीच घाण त्याला विष होते."

"तुझी शाळा कॅम्पात. इथं नाय."

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "माई म्हणते तसं." आम्ही दोघं एकटे असताना मी पुन्हा विषय काढला. मासा माणसाचं दुखणं घेऊ शकत नाही, पाण्यात अमोनिया वाढतो, एवढंच होतं, असं सगळं समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत. "तुझ्या अमोनियाला म्हणावं, माझं लिव्हर धुऊन दे," म्हणालात.

पाणी आधी गढूळ झालं, मग पिवळट. तुमचे डोळे आणि ते पाणी एकाच रंगाचं होत गेलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण सगळे तेच बघत होते. भेटायला येणारा माणूस चपला काढल्यावर आधी टाकीकडं बघायचा, मग तुमच्याकडं. शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, "गेला का?" आणि मग जीभ चावायच्या, कारण तुम्ही समोर पडलेले असायचात. फौजदाराचं टेंगूळ बसलं. रंग उडाला. तो वर येऊन तोंड उघडझाप करायचा आणि माई हात जोडून म्हणायच्या, "जा बाबा आता. सुखानं जा." तुम्ही ते ऐकत पडलेले. तुम्हा दोघांपैकी कोणाला म्हणतायत, ते नव्या माणसाला कळलं नसतं.

आणि ती दुपार. रविवार होता. माई खालच्या मजल्यावर गेल्या होत्या, ताई रिपोर्ट आणायला. तुम्ही डोळे मिटून होतात.

"बीएस्सी. बादल्या भर."

"आता? कालचं भरून ठेवलेलं पाणी नाही."

"थेंबांची बाटली कपाटात आहे. माझ्या पँटींच्या मागं. म्हातारी फेकून देईल म्हणून ठेवलीय."

"आणि माई?"

"माईला मी बघतो. तू पाइप धर. निम्मं काढ, आज तिसऱ्या हिश्श्यात भागायचं नाही."

तुम्ही उठून पलंगाच्या काठावर बसलात. दोन्ही हात टेकवून, धापा टाकत. तिथून सांगत राहिलात. हळू ओत. भिंतीकडून ओत, त्याच्या अंगावर नको. स्पंज पिळ. मी ओतत होतो आणि तो तळातून उठला, तुमच्या बाजूच्या काचेला आला. तुम्ही बोट फिरवलंत. तो थोडं फिरला, तेवढी ताकद नव्हती, पण फिरला.

"बघ हरामखोर," तुम्ही म्हणालात. "माझ्यासाठी मरायला बसवलाय याला. कोण मरतं रे कोणासाठी?"

तुमचा विश्वास नव्हता म्हणून तुम्ही ते केलंत की विश्वास होता म्हणून केलंत, हे मला कळलेलं नाही. मी विचारलं असतं तर तुम्ही शिवी दिली असती. पण दाजी, त्या दिवशी तुम्ही मला जितके आवडलात तितके कधी आवडला नव्हतात.

माई आल्या. पाण्याच्या आरपार भिंत दिसत होती. लपवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी आधी टाकीकडं बघितलं, मग माझ्या ओल्या पँटकडं. आणि त्यांनी जो आवाज काढला तो मी त्यानंतर एकदाच ऐकला, तुम्ही गेलात तेव्हा.

"कोणी सांगितलं तुला? कोणी सांगितलं?"

मी तुमच्याकडं बघितलं. माईही तुमच्याकडं वळल्या. तुम्ही म्हणाला होतात, मी बघतो.

"मी झोपलो होतो," तुम्ही म्हणालात. "मला काय माहीत? त्याला विचार. शिकलेला आहे ना तो."

नेमकी तेवढ्यात ताई दारात आली, हातात रिपोर्टचं पाकीट. चपला जागेवर ठेवून सरळ आत गेली.

फौजदार चार दिवसांत रंगावर आला. तुम्ही उतरत गेलात. माई ते हिशोबासारखं बघत होत्या, याचं चढतं, त्याचं उतरतं. मी एकदा तुम्हाला विचारलं, "दाजी, तुम्ही तसं का म्हणालात?" तुम्ही माझ्याकडं मान वळवलीत. मला वाटलं, आता सांगाल. "पंखा कमी कर," म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं हेच. मी पंखा कमी केला.

दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून बघत होता. तुमच्या चुलतभावानं हात जोडले, "माईला आम्ही सांभाळू." नाही. "वहिनीला अंतर देणार नाही." नाही. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघू लागले. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "त्या माशाचं बोला." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी विज्ञान शिकवतो, दाजी. पण चपला काढून पुढं झालो आणि म्हणालो, "फौजदाराला मी नेतो. मी सांभाळीन." असं म्हणून मी मागं सरलो, माझ्याबरोबर सगळे सरले, आणि कावळा आला. माणसं मागं हटली म्हणून आला, हे मी कोणाला सांगणार?

"बघा," माई म्हणाल्या. "दोघांचं ठरलेलंच होतं."

तिच्या मते दोघं म्हणजे मी आणि मासा. आणि ती खरं बोलत होती. ठरलेलंच होतं, तुमचं आणि माझं. तिला वाटतं तसं नव्हे, पण होतं.

तेराव्यानंतर मी टाकी न्यायला आलो. माई आतल्या खोलीत होत्या, दार लावून. मी फौजदाराला झाकणाच्या बादलीत घेतला. त्यानं माझं बोट फोडलं. ताईनं स्वयंपाकघरात बोलावून हळद लावली. लहानपणी लावायची तशी, फुंकर घालत.

"भावड्या, त्यांनीच सांगितलं होतं ना पाणी बदलायला?"

मला एकदम हलकं वाटलं. मी मान हलवली.

"मला माहीत आहे. मी आधीच आले होते, वरच्या जिन्यात बसून होते. दार उघडंच होतं. स्पंज पिळ म्हणत होते, ऐकलं मी."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

तिनं हळदीचा डबा बंद केला. "काय बोलू? तुमच्याच पोरानं माशाला वाचवायला सांगितलं म्हणून? मग त्यांनी विचारलं असतं, माझ्या पोराला जगावंसं का वाटलं नाही. असं घरात काय कमी होतं. बायकोनं काय दिलं नाही." तिनं आवाज आणखी खाली आणला. "मला लेकरू नाही. घर त्यांच्या नावावर आहे. तुझ्यावर राग आहे तोवर त्या माझ्या हातचं जेवतात. रात्री पाय चेपून घेतात. मला पोरी म्हणतात, भावड्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे मी काय करू?"

"काही करू नको. तसंच राहू दे. आणि आता काही दिवस येऊ नको."

"किती दिवस?"

तिनं माझ्या बोटाला चिंधी बांधली, गाठ मारली, टोक दातांनी तोडलं.

"माई आहेत तोवर."

दाजी, मी तुमचा आभारी आहे. प्रवेशाच्या खिडकीसाठी, टाकीखालच्या जागेसाठी, पाइपासाठी, पेढ्यांसाठी. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही, कारण तुम्ही पाय मागं घ्यायचात. आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, कारण तुम्ही माफी मागितलीच नाहीत. ताईवर माझा राग नाही. तिनं मला वाढवलं. तिला तिथं राहायचंय. तुमच्या घरात हे कोणी वाचणार नाही. वाचणारा मी एकटा होतो आणि त्याचं तुम्हाला हसू यायचं. ताईच्या हाती पडलंच, तर ती माईंना वाचून दाखवणार नाही, एवढी खात्री आहे.

फौजदार माझ्या खोलीत आहे. टाकीनं निम्मी खोली घेतली, कपाट बाहेर व्हरांड्यात गेलं. पाणी मी वेळेवर बदलतो. तो मला अजून डसतो.

परवा ताईला फोन केला. किराणा आणायला बाहेर पडली होती, म्हणजे मोकळं बोलता येत होतं. जेवणखाण विचारलं, तिचा दुखरा गुडघा विचारला. मग मी विचारलं, "माईंची तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे," ती म्हणाली.

मी खरं काय विचारत होतो ते आम्हा दोघांनाही कळलं. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.